सिस्टर, दुखतंय!

डोकं दुखलं की गोळी, पाठ दुखली की स्प्रे, गुडघा दुखला की दोन्ही! दुखण्याशी आपल्या पिढीचं नातं असं एकदम सिंपल आहे. पण हात, श्वास, बर्फ, उशी आणि चार शब्द एवढ्या भांडवलावर दुखणं अर्ध्यावर आणणारी माणसं कधी भेटलीत तुम्हाला? फार लांब जायला नको. कर्जत लोकलमध्ये शेवटपर्यंत बसून राहायचं...

जुलैमधला शनिवार. ऑफिसच्या ग्रुपने ‘कोथळीगड करायचाच’ असा पण केलेला. पहाटेची लोकल, कर्जत स्टेशनवरचा वडापाव, मग कशेळेमार्गे आंबिवली आणि तिथून भिजत भिजत चढाई. वर सगळं मस्त. कातळात कोरलेला जिना, अंगावर येणारे ढग, शंभरेक फोटो. उतरताना पेठच्या वाडीच्या पुढे एका शेवाळलेल्या दगडाने घात केला. ‘कट्’ असा आवाज आला आणि माझा उजवा घोटा बघता बघता टोमॅटोसारखा फुगला.

पुढचे दोन तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. वाडीतल्या दोघांनी घोंगडीची झोळी करून मला खाली आणलं. ग्रुपमधला एक जण सारखा ‘नेटवर्क नाही, नेटवर्क नाही’ करत होता. मग एक जीप आणि मग एक छोटासा सरकारी दवाखाना. डॉक्टर एकच, आणि ते पलीकडच्या खोलीत साप चावलेल्या शेतकऱ्याच्या उशाशी. मी बाकड्यावर आडवी. डोळ्यांत पाणी आणि तोंडात एकच वाक्य, ‘सिस्टर, दुखतंय! इंजेक्शन द्या ना!’

सिस्टर पन्नाशीच्या असाव्यात. घाई नाही, वैताग नाही. म्हणाल्या, ‘डॉक्टर येऊन काय ते देतील. तोवर आपण दोघी आपलं काम करू.’

आपलं काम? मला कळेना. त्यांनी बूट ओढला नाही, कात्रीने लेस कापून अलगद मोकळा केला. पायाखाली उशी, त्याखाली घडी घातलेलं ब्लँकेट. सलाईनच्या बाटल्यांचा पुठ्ठा कापून, कापूस लावून घोट्याच्या दोन्ही बाजूंना बसवला आणि बँडेज गुंडाळलं. मध्येच ‘बोटं हलव बघू’ म्हणून नखांचा रंग तपासला. मग लशी ठेवतात त्या फ्रीजरमधला आइस पॅक नॅपकिनमध्ये गुंडाळून आणला.

‘रुपयातले किती आणे दुखतंय?’

‘पंधरा आणे!’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘बरं. आता गरम चहावर फुंकर घालतो ना, तशी घाल. हळू. लांब. माझ्याबरोबर.’ त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर. चार-पाच फुंकरी झाल्यावर प्रश्न सुरू. काम काय करतेस? लिहितेस? कशावर? त्याचे पैसे मिळतात? घरचे काय म्हणतात? मी उत्तरं देत गेले. फ्रीलान्सिंग म्हणजे काय हे समजावून सांगताना आपण रडायचं थांबलोय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

वीसेक मिनिटांनी परत तोच प्रश्न. ‘आता किती?’

‘सात... आठ आणे.’

डॉक्टर आले ते त्यानंतर. त्यांनी पाय तपासला, गोळी दिली आणि एक्स-रेसाठी कर्जतला पाठवलं. हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं. निघताना मी सिस्टरना म्हटलं, ‘तुम्ही खूप प्रेमळ आहात.’ त्या हसल्या. ‘प्रेमळ कसली? ड्युटी आहे ती माझी. शिकून आलेय.’

ते वाक्य प्लॅस्टरपेक्षा जास्त दिवस टिकलं. प्लॅस्टर निघाल्यावर मी वही घेऊन परत गेले. ‘नाव छापणार नसशील तर विचार काय ते,’ या अटीवर.

फुंकरीमागचं सायन्स

लहानपणी गुडघा फुटला की आई काय करायची? चोळायची, फुंकर घालायची, ‘उंदीर गेला बघ’ म्हणून लक्ष दुसरीकडे वळवायची. आपण मोठे झालो आणि हे सगळं ‘मनाची समजूत’ या खात्यात टाकून मोकळे झालो. नर्सिंगच्या पुस्तकात मात्र त्याला भारदस्त नाव आहे, नॉन-फार्माकोलॉजिकल पेन मॅनेजमेंट. म्हणजे औषधाविना वेदना कमी करणं. आणि ते नुसतं नाव नाही, त्यामागे पक्कं शास्त्र आहे.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक हा मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हा मज्जासंस्थेचा अभ्यासक, या दोघांनी ‘गेट कंट्रोल’ची कल्पना मांडली. सोपं करून सांगायचं तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जायचा तर या फाटकातून जावा लागतो. पण त्याच वेळी स्पर्शाचे, चोळण्याचे, दाबाचे निरोपही तिथेच येतात आणि फाटक थोडं लोटून घेतात. शिवाय मेंदू वरूनही हुकूम सोडतो. भीती वाटली, एकटं वाटलं की फाटक सताड उघडं. आधार वाटला, लक्ष दुसरीकडे गेलं की किलकिलं. पुढच्या संशोधनाने या चित्रात बरेच बदल केले, पण मूळ मुद्दा टिकला. जखम पायात असली तरी दुखणं किती, हे पायात ठरत नाही.

बाकीच्या गोष्टी तर अगदीच सरळ. बर्फाने नसांमधून निरोप जाण्याचा वेग मंदावतो, सूजही आटोक्यात राहते. पाय उंच ठेवला की सूज कमी, म्हणून ताण कमी. मोडलेलं हाड पुठ्ठ्याने स्थिर केलं की प्रत्येक हालचालीगणिक उठणारी कळ थांबते. लांब श्वास सोडला की छातीतली धडधड उतरते, आवळलेले स्नायू सैल पडतात.

आणि ते ‘किती आणे’? ते गप्पांसाठी नव्हतं. मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सने १९६८ मध्ये एक साधी पण क्रांतिकारी गोष्ट सांगितली. दुखणं म्हणजे पेशंट सांगेल ते, आणि तो सांगेल तेव्हा ते असतंच. म्हणजे आधी विश्वास ठेवायचा. शहरात शून्य ते दहा आकडे विचारतात, लहान मुलांना हसरे-रडके चेहरे दाखवतात. तो चेहऱ्यांचा तक्ता १९८०च्या दशकात डोना वाँग ही नर्स आणि कॉनी बेकर या दोघींनी तयार केला. ‘वाडीवरच्या आजीला दहापैकी किती विचारलं तर ती माझ्याकडेच बघत बसते,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आणे तिला बरोबर कळतात. आणि आठ आण्यांचे चार झाले की मलाही कळतं, आपण करतोय ते लागू पडतंय.’

घाट चढायचा तर बँकर हवा

आता कर्जत-खालापूर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फार्महाउस, धबधबे, एक्स्प्रेस-वेवरचा खालापूरचा टोलनाका. पण त्याच रस्त्यावरून मान वर करून डोंगराकडे बघितलं की ठाकर आणि कातकरी वाड्या दिसतात. काही वाड्यांपर्यंत आजही गाडी जात नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. बचाव पथकांना अंधारात, पावसात पायीच डोंगर चढावा लागला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली.

एरवीच्या दिवसांतही चित्र असंच. भातलावणीत घसरलेला, झाडावरून पडलेला, चुलीवर भाजलेला माणूस आधी झोळीतून, मग जीपमधून, मग अॅम्ब्युलन्समधून प्रवास करतो. मोठं हॉस्पिटल पनवेलला नाहीतर मुंबईला. मधल्या तासांमध्ये त्याच्या दुखण्याचं काय? तिथे असते एक सिस्टर, नाहीतर एखादी एएनएम किंवा आशाताई. औषधं तिच्या हातात मोजकी आणि ती द्यायला डॉक्टरची ऑर्डर लागते. पण पाय नीट ठेवणं, भाजलेल्या हातावर साधं गार पाणी सोडणं, घाबरलेल्या माणसाला श्वासावर आणणं, यासाठी ऑर्डर लागत नाही.

कर्जतच्या माणसाला हे समजावायला उदाहरण शोधावं लागत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथेच मागून जादा इंजिनं लागतात. त्यांना म्हणतात बँकर. बोरघाटाचा चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढचं इंजिन ओढतं, बँकर मागून रेटा देतात. सिस्टरांचे यजमान रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे उपमा त्यांचीच. ‘औषध पुढून ओढतं गं. आम्ही मागून ढकलतो. नुसत्या बँकरवर गाडी पुण्याला जाणार नाही. पण बँकर काढून बघ, घाटात काय होतं ते.’

लेबर रूममधली शांतता

सिस्टरांची निम्मी नोकरी लेबर रूममध्ये गेली. तिथे त्या काय करतात ते मला जास्त बारकाईने ऐकायचं होतं. कारण वैयक्तिक होतं. माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण शहरातल्या एका चकाचक हॉस्पिटलमध्ये झालं. एसी होता, मॉनिटर होता, कॅन्टीनमध्ये कॅपुचिनो होती. आणि वहिनी नऊ तास एकटी होती. पोटाला पट्टा, पाठीवर उताणी. दादा बाहेर कॉरिडॉरमध्ये फोन घेऊन फेऱ्या मारतोय. कळ आली आणि ती ओरडली की आतून उत्तर यायचं, ‘अहो, सगळ्यांनाच होतं हे. सहन करा थोडं.’ बाळ छान झालं. पण पाच वर्षं झाली तरी त्या दिवसाचा विषय निघाला की ती उठून किचनमध्ये जाते. आता ती दुसऱ्यांदा प्रेग्नंट होती आणि तिला कळांची नाही, त्या एकटेपणाची भीती वाटत होती.

मी हे सांगितल्यावर सिस्टर क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘आमच्याकडे उलटं असतं. वाडीवरच्या पोरी ओरडतच नाहीत. पदराचा बोळा तोंडात धरून पडून राहतात. नवीन मुली म्हणतात, सिस्टर, ही शांत आहे, हिला वेळ आहे अजून. मी सांगते, तोंड बघू नको, मुठी बघ. पायाची बोटं बघ. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं.’

मग करायचं काय? त्यांची यादी साधी आहे. सगळं ठीक असेल तर सुरुवातीच्या कळांमध्ये झोपवून ठेवायचं नाही, चालवायचं. सासू नाहीतर आईच्या गळ्यात हात टाकून उभं राहू द्यायचं. आडवं व्हायचंच असेल तर कुशीवर. घोट घोट पाणी. कळ आली की कमरेखालच्या सपाट हाडावर तळव्याने घट्ट दाब द्यायचा, गेली की सोडायचा. श्वास धरू द्यायचा नाही. आणि पुढे काय होणार आहे ते आधी सांगायचं. ‘अंधारात जिना उतरताना भीती पायऱ्यांची नसते, अजून किती आहेत ते माहीत नसतं त्याची असते.’

हे सगळं आज जगातल्या मोठ्या संस्थाही सांगतात. प्रसूतीत शेवटपर्यंत सोबत मिळालेल्या बायकांवरचे २६ अभ्यास २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. १७ देश, १५ हजारांवर स्त्रिया. सोबत असलेल्यांमध्ये नॉर्मल डिलिव्हरीचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, वेदनाशामकांची गरज कमी, कळांचा काळही थोडा कमी. उभं राहण्या-चालण्यावरच्या २०१३च्या आढाव्यात कळांचा पहिला टप्पा सरासरी सव्वा तासाहून जास्त आखडल्याचं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींमध्ये मसाज, गरम शेक, श्वसन आणि रिलॅक्सेशन हे सगळं आहे.

आपल्याकडेही नियम आहे बरं का! २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मुभा दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरची बाई असावी अशी अपेक्षा, आणि जिथे पुरेसा आडोसा आहे तिथे नवराही चालतो. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ योजनेतही हा मुद्दा आहे. पण नियम कागदावर असणं आणि कळा देणाऱ्या बाईच्या हातात दुसरा हात असणं यात अंतर असतं. एका रात्री एक सिस्टर, दोन डिलिव्हऱ्या आणि एक सलाईनचा पेशंट असेल तर कंबर कोण दाबणार? ‘म्हणून तर सोबतीण हवी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘मला दोनच हात आहेत. मी तिला शिकवते, ती दाबते.’

एक गोष्ट मला तिथे खटकली. केसपेपरवर इंजेक्शन लिहिलं जातं, गोळी लिहिली जाते. ‘अर्धा तास कंबर दाबली, दुखणं बारा आण्यांवरून सहावर आलं’, यासाठी रकानाच नाही. जे लिहिलं जात नाही ते कुणी मोजत नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी माणसं वाढवून मिळत नाहीत. तुमच्या-माझ्या ऑफिसातही हाच नियम आहे, नाही का?

मोबाइलपण कामाला येतो!

लहान मुलांच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर आईला सांगतात, ‘पाजायला घे, मग मी टोचते.’ बाळ अंगाशी, दूध तोंडात आणि सुई कधी आली-गेली ते कळेपर्यंत संपलेलं. यावरही अभ्यास आहेत. टोचताना अंगावर पिणारी बाळं कमी वेळ रडतात. मोठ्या मुलाला मात्र ‘काही दुखणार नाही’ असं सांगायचं नाही. ‘एकदा मुंगी चावल्यासारखं होईल, तोवर आपण दहा आकडे मोजू’ असं सांगायचं. खोटं एकदा पकडलं गेलं की पुढच्या वेळी ते पोर दवाखान्याच्या फाटकातूनच पळतं.

आणि भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग? तिथे औषध हवंच, पण जोडीला मोबाइलवरचा गेम. हसू नका. अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या पेशंटसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाची व्हर्च्युअल रिअॅलिटी तयार केली. डोळ्यांवर हेडसेट, समोर बर्फाची दरी, आणि पेशंट बर्फाचे गोळे फेकतोय. तेवढ्यात ड्रेसिंग होतं आणि दुखणं कमी जाणवतं. कारण लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. ते गेममध्ये गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. कर्जतकडे हेडसेट नसेल, पण मावशींचा स्मार्टफोन आहे!

पण हा जादूटोणा नव्हे

इथे एक ब्रेक मारायला हवा. ‘वा! म्हणजे औषधांची गरजच नाही’, असा निष्कर्ष काढून कुणी हा लेख फॉरवर्ड करणार असेल तर प्लीज नको. मी सिस्टरना हेच विचारलं तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. ‘असं लिहिलंस तर पुन्हा इथे येऊ नको.’

रायगडात हे वेगळं सांगायची गरज पडते, कारण अजूनही विंचू चावला, साप चावला की आधी भगताकडे नेणारे आहेत. विंचूदंशात ठणका भयंकर, पण खरा धोका हृदयाला, त्यातही लहान मुलांच्या. याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा वापर रूढ केला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू कमी झाले. त्यासाठी जगभर त्यांचं नाव झालं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे फुंकर घालत बसणं म्हणजे जीव घालवणं. छातीतलं दुखणं, एकाएकी उठलेली भयंकर डोकेदुखी, पोटात वाढत जाणारी कळ, यांनाही हेच लागू. तिथे दुखणं ही धोक्याची घंटा आहे. आधी आग बघायची, घंटा बंद करायची नाही.

कॅन्सरचंही तसंच. कर्जत लोकलमध्ये परळच्या टाटाला निघालेले पेशंट रोज भेटतात. शेवटच्या टप्प्यातल्या त्या दुखण्याला मॉर्फिन लागतं आणि ते मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. कडक कायद्यामुळे आपल्याकडे वर्षानुवर्षं ते मिळणं मुश्कील होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. पण नुसत्या मॉर्फिननेही भागत नाही. आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. त्यांनी ‘टोटल पेन’ ही कल्पना दिली. माणूस शरीराने दुखतो, मनाने दुखतो, घरच्यांच्या काळजीने दुखतो आणि ‘मीच का’ या प्रश्नानेही दुखतो. आपल्याकडे बांद्र्याच्या शांती अवेदना सदनात १९८६ पासून हे काम चाललंय. तिथे औषध आणि हात, दोन्ही लागतात. पुन्हा तेच, इंजिन आणि बँकर.

चौकट : हे तुमच्याही हातात आहे

* मुरगळलं की विश्रांती, उंचावर पाय आणि कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५-२० मिनिटं. बर्फ थेट त्वचेवर नको. पाय टेकवतच नसेल किंवा आकार बदललाय असं वाटलं तर एक्स-रे हवाच.
* भाजलं तर नळाचं साधं गार पाणी, २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही.
* पाळीत पोट दुखतंय? गरम पिशवी कमी लेखू नका. २००१च्या एका अभ्यासात पोटावरची उष्ण पट्टी आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरली होती. मधुमेहामुळे पायाला संवेदना कमी असतील तर मात्र पायांना शेक देऊ नका.
* डोकेदुखीसाठी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर घेत असाल तर गोळीमुळेच डोकं दुखू शकतं. डॉक्टरांना भेटा.
* घरात कुणी प्रेग्नंट असेल तर हॉस्पिटल ठरवतानाच विचारा : ‘लेबर रूममध्ये सोबत कोणाला येता येईल? चालू द्याल का?’
* पेशंटला भेटायला जाताय? ‘काही नाही होत’ म्हणू नका. ‘किती दुखतंय?’ एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

आणि वहिनी?

त्या दिवशी सिस्टरांनी मला टेबलाला धरून उभं केलं आणि माझ्याच कमरेवर दाब कुठे, किती, कसा द्यायचा ते दाखवलं. घरी आल्यावर मी दादाला शिकवलं. दादा प्रोजेक्ट मॅनेजर! त्याने आधी एक्सेल शीट काढली, मग दोन टेनिस बॉल आणले, मग यू-ट्यूबवरचे व्हिडिओ बघून मलाच करेक्शन द्यायला लागला. वहिनीने या वेळी हॉस्पिटल बदललं. पहिला प्रश्न विचारला तो सोबतीचा. पॅकेजचा दुसरा.

कळा पहाटे सुरू झाल्या. दादा आत. सहा तास तो तिच्या मागे उभा राहिला, ती भिंतीला टेकून. कळ आली की दाब, गेली की पाणी. सातव्या तासाला वहिनी म्हणाली, ‘आता बास. एपिड्युरल द्या मला.’ तिला ते मिळालं आणि दुपारी मुलगी झाली.

खरं सांगू? बातमी ऐकून मला आनंदाबरोबर थोडं हरल्यासारखंही वाटलं. एवढं शिकून शेवटी सुई घ्यावीच लागली! संध्याकाळी मी सिस्टरना फोन केला आणि तसं म्हणूनही टाकलं. पलीकडून त्या खळखळून हसल्या.

‘अगं, हरायचं काय त्यात? माझ्याकडे रात्री भूल द्यायला कुणी असतं, तर मीसुद्धा दिली असती बायकांना. तू एवढंच सांग. ती एकटी होती का?’

‘नव्हती.’

‘मग झालं तर.’

परवा वहिनी स्वतःहून त्या दिवसाविषयी बोलत होती. दादाच्या दुखऱ्या अंगठ्यांची नक्कल करत, हसत. किचनमध्ये उठून गेली नाही.